जुन्या गाडीचे ब्रेक किंचाळतात आणि एबीएसचा दिवाही पेटतो : एकच दुखणं की दोन?

अर्धाक्लच
जुनी हॅचबॅक. पुढे डिस्क, मागे ड्रम, चारही चाकांना एबीएसचे (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) वेग मोजणारे सेन्सर. लक्षणं अशी :

ब्रेक हलका दाबला की पुढून चीऽऽ असा बारीक आवाज येतो, जोरात दाबला की बंद. एबीएसचा पिवळा दिवा आधी कधीमधी लागायचा, आता थोडं अंतर गेलं की लागतोच. शिवाय गाडी थांबता थांबता, अगदी शेवटच्या दोन-तीन मीटरांत, पेडल पायाखाली थरथरतं आणि घर्रर्र असा आवाज येतो. तेही कोरड्या रस्त्यावर, हळू ब्रेक लावताना.

साध्या स्कॅनरवर एकही कोड नाही. पॅड आणि पुढचे दोन्ही सेन्सर बदलून टाका, असा सल्ला मिळालाय. पार्ट आणण्याआधी काय काय आणि कुठल्या क्रमानं तपासावं? मल्टीमीटर, जॅक, स्टँड हाताशी आहेत. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मीटरबाज
आधी एक सांगा. दिवा पेटल्यावर ती शेवटच्या मीटरांतली थरथर येते, की फक्त दिवा बंद असताना?

टपरीवरचा_तज्ज्ञ
रेडिओचा आवाज वाढवा, चीं लगेच बंद होते. दिव्यावर काळी चिकटपट्टी. धागा संपला.

अर्धाक्लच
@मीटरबाज, फक्त दिवा बंद असताना. दिवा पेटला की थरथर नाही, गाडी गुमान थांबते.

@टपरीवरचा_तज्ज्ञ, चिकटपट्टीचा सल्ला गॅरेजमध्ये फुकटात मिळाला होता.

मीटरबाज
मग थरथर ब्रेकची नाही, एबीएसची आहे. एबीएसच्या मॉड्यूलला, म्हणजे त्याच्या कंट्रोल युनिटला, सिग्नलमध्ये गडबड कायमची दिसली की तो एबीएस बंद करतो आणि दिवा लावतो. त्यानंतर थरथर येणं शक्यच नाही, कारण पंप आणि व्हॉल्व चालतच नाहीत. दिवा लागण्याआधी मात्र मॉड्यूलचा सेन्सरवर विश्वास असतो. ताशी ८-१० किलोमीटरवर एका चाकाचा सिग्नल अचानक शून्यावर गेला, की त्याच्या लेखी ते चाक लॉक झालं. लगेच तो त्या चाकाचा दाब सोडतो. ते घर्रर्र म्हणजे पंपाची मोटर.

हे धोक्याचंही आहे. नेमकं थांबायच्या वेळी ब्रेक सुटतो आणि गाडी हातभर पुढे सरकते. दुरुस्ती होईपर्यंत पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. काही जण एबीएसचा फ्यूज काढून ठेवतात. त्यानं साधे ब्रेक चालू राहतात, पण बऱ्याच गाड्यांत मागच्या चाकांचा दाब आवरणारी ईबीडीही त्याच मॉड्यूलमध्ये असते, आणि तीही जाते. मग जोरात ब्रेक लावला तर मागची चाकं आधी लॉक होऊ शकतात. पिवळ्याबरोबर लाल ब्रेकचा दिवाही पेटला तर हेच झालंय असं समजा. (ब्रेक ऑइल कमी असलं किंवा हँडब्रेक ओढलेला असला तरी लाल दिवा लागतो, ते आधी बघा.)

कोड न दिसण्याचं कारण साधं आहे. स्वस्तातले स्कॅनर फक्त इंजिनचे, म्हणजे 'पी'पासून सुरू होणारे कोड वाचतात. एबीएसचे कोड 'सी'पासून, म्हणजे चेसिसचे, सुरू होतात. चेसिस वाचणारा स्कॅनर मिळवा आणि त्यात चारही चाकांचा वेग थेट दाखवणारं पान आहे ना, याची खात्री करा. कोडपेक्षा ते पान मोलाचं.

तेराचा_पाना
वरचं मान्य. आता चीं आवाजाकडे बघू.

हलक्या ब्रेकला चीं आणि जोरात दाबल्यावर बंद, हे पॅडच्या कंपनाचं लक्षण. पॅड डिस्कला क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो. हे सेकंदाला हजारो वेळा होतं आणि डिस्क वाजते. दाब वाढला की पॅड घट्ट बसतो, कंपन मरतं. म्हणजे पॅड सैल आहे, त्याचा पृष्ठभाग काचेसारखा झालाय, नाहीतर मागची शिम (पातळ पत्रा) गायब आहे.

पॅड संपत आल्यावर वाजणारी पत्ती वेगळी. अस्तर (पॅडचा घासणारा थर) साधारण २ ते ३ मिलिमीटर उरलं की ती डिस्कला घासू लागते, आणि बहुतेक वेळा ब्रेक न लावताही, चाकाच्या फिरण्याबरोबर वाजते. खर्रर्र असा लोखंडावर लोखंडाचा आवाज आला तर अस्तर संपलंय, गाडी हलवू नका. सकाळी पहिल्या दोन-चार ब्रेकला येणारा आवाज डिस्कवरच्या रात्रीच्या गंजाचा, तो सोडून द्या.

चाकं काढा. पुढच्या दोन्ही बाजूंच्या आतल्या आणि बाहेरच्या पॅडचं अस्तर मोजा. चार आकडे इथे टाका, मग बोलू. नुसतं 'पॅड बरे दिसतात' असं लिहू नका. बाहेरून दिसतो तो बाहेरचा पॅड, आणि कॅलिपरची (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) सरकती पिन अडकलेली असली की झिजतो तो आतला.

कावळा_उडाला
एक भर. आवाज ब्रेकचाच आहे ना? उतारावर गिअर न्यूट्रल करून बघा. आवाज इंजिनच्या फेऱ्यांबरोबर बदलला तर बेल्ट. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर चीं आलं तरी बेल्टच. चाकाच्या वेगाबरोबर बदलला तर चाकाकडचा. चाकाकडची घूंऽऽ डावीकडे वळताना वाढली तर संशय उजव्या बेअरिंगवर, कारण वळताना भार बाहेरच्या चाकावर जातो.

बेअरिंगचा मुद्दा एबीएसशीही जोडलेला आहे. बेअरिंगला खेळ आला की सेन्सर आणि त्याच्यासमोर चाकाबरोबर फिरणाऱ्या रिंगमधलं अंतर डुगडुगतं. तेव्हा चाक वर असताना वरून-खालून धरून हलवून बघाच.

निळी_वायर
सेन्सरला हात लावण्याआधी तो कुठल्या जातीचा आहे ते ओळखा. दोन्हींना दोनच वायरी असतात, त्यामुळे घोळ होतो.

जुना प्रकार पॅसिव्ह : आत चुंबक आणि तारेचं वेटोळं, समोर दातेरी लोखंडी रिंग. रेझिस्टन्स बहुतेक गाड्यांत ८०० ते २५०० ओहमच्या दरम्यान. अनंत दाखवलं तर तार तुटली, शून्याजवळ दाखवलं तर आत शॉर्ट. मग प्रत्येक वायर आणि बॉडी यांच्यात मोजा. तिथे जोड दिसताच कामा नये.

नंतर मीटर एसी व्होल्टवर. कनेक्टर सोडलेला, चाक हातानं सेकंदाला साधारण एक फेरा. काही दशांश व्होल्ट दिसायला हवेत. नेमका आकडा गाडीगणिक बदलतो, म्हणून डाव्या-उजव्याची तुलना करा. एक बाजू दुसरीच्या निम्म्यावर असेल तर गडबड तिथे.

नवा प्रकार ॲक्टिव्ह : याला मॉड्यूलकडून वीज लागते आणि तो ७ आणि १४ मिलिअँपिअर अशा दोन पातळ्यांत बोलतो. याचा ओहम मोजून काही कळत नाही, उलट मीटरच्या व्होल्टेजनं सेन्सर बिघडू शकतो. इग्निशन चालू करून मॉड्यूलकडून येणाऱ्या कनेक्टरवर पुरवठा येतोय का बघा (साधारण बॅटरीइतका) आणि बाकीचं स्कॅनरच्या पानावर.

जात ओळखायची कशी? ड्राइव्हशाफ्टच्या (चाक फिरवणारा दांडा) बाहेरच्या सांध्यावर उघडी दातेरी रिंग दिसली तर बहुधा पॅसिव्ह. रिंग कुठेच दिसत नसेल आणि सेन्सर बेअरिंगच्या सीलसमोर असेल तर बहुधा ॲक्टिव्ह. पण दातेरी रिंगसमोर ॲक्टिव्ह सेन्सर असलेल्या गाड्याही आहेत. पक्कं करायचं तर गाडीचं वायरिंगचं पान बघा.

अर्धाक्लच
मंडळी, आकडे.

अस्तर : डावा बाहेरचा ६, डावा आतला ५.५. उजवा बाहेरचा ६, उजवा आतला ३ मिलिमीटर, तोही एका टोकाला जास्त झिजलेला. बेअरिंगला खेळ हाताला तरी लागत नाही.

मॅन्युअलप्रमाणे सेन्सर पॅसिव्ह. डावा ११२० ओहम, उजवा ११४०. बॉडीशी जोड नाही. हातानं फिरवून डावा साधारण ०.४ व्होल्ट एसी, उजवा ०.१५ आणि मधूनच खाली पडतो. स्कॅनर मिळाला : सी००४०, म्हणजे पुढचा उजवा. वेगाच्या पानावर थांबताना उजवा पुढचा आकडा बाकीच्यांच्या आधी शून्य होतो.

म्हणजे उजवा सेन्सर गेला ना?

मीटरबाज
नाही! ११४० ओहम म्हणजे वेटोळं धडधाकट आहे. कोडमध्ये सेन्सरचं नाव असलं तरी कोड फक्त पत्ता सांगतो, गुन्हेगार नाही. त्या पत्त्यावर सेन्सर, रिंग, मधलं अंतर, वायर, कनेक्टर आणि बेअरिंग एवढे सगळे राहतात.

व्होल्टेज कमी म्हणजे अंतर वाढलंय. मधूनच पडतंय म्हणजे रिंगमध्ये किंवा वायरीत काहीतरी आहे. चाक फिरवून बघा. प्रत्येक फेऱ्याला एकाच जागी पडत असेल तर रिंग. न फिरवता वायर हलवल्यावर ओहमचा आकडा उडत असेल तर वायर, आणि ती बहुधा स्ट्रटजवळच्या (चाकामागचा शॉकअपचा खांब) क्लिपपाशी आतून तुटलेली असते, कारण स्टिअरिंगबरोबर ती तिथेच वाकते. वरचं रबर शाबूत आणि आत तांबं हिरवं झालेलं, असं सर्रास सापडतं.

गंजूनाना
जुन्या गाडीत माझा पहिला संशय नेहमी गंजावर. सेन्सर ज्या भोकात बसतो त्याच्या कडेला गंजाचे पापुद्रे चढतात आणि सेन्सरला वर उचलतात. एक मिलिमीटर उचलला तरी पॅसिव्ह सेन्सरचा हळू वेगातला सिग्नल मरतो. अंतर फिलर गेजनं (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजा. बहुतेक गाड्यांत ०.३ ते १.५ मिलिमीटरच्या आत कुठेतरी ठरलेलं असतं. पितळी पात असेल तर उत्तम, लोखंडी पात चुंबकाला चिकटून फसवतं.

दुसरा गंज रिंगखाली. रिंग सांध्यावर घट्ट ठोकलेली असते. खाली गंज फुगला की रिंगला आतून ताण येतो आणि ती दोन दातांच्या मध्ये तडकते. चीर केसाएवढी असली तरी तिथलं अंतर इतर दातांपेक्षा जास्त होतं. सिग्नल दर फेऱ्याला एकदा अडखळतो. भरधाव वेगात मॉड्यूल ते पोटात घालतो, थांबताना नाही.

रिंग तारेच्या ब्रशनं साफ करा, खडूनं एका दातावर खूण करा आणि टॉर्च धरून एक एक दात बघत पूर्ण फेरा मारा. घाई केली तर चीर हमखास सुटते. खाचांत ग्रीसमध्ये कालवलेला चिखल असला तरी चीर लपते.

तेराचा_पाना
आता पॅडचे आकडे. डावीकडे ठीक. उजवीकडे आतला ३ आणि बाहेरचा ६, म्हणजे स्लाइड पिन अडकलीय. पिस्टन आतल्या पॅडला ढकलतो, पण कॅलिपर सरकत नाही म्हणून बाहेरचा पॅड कामच करत नाही. वाकडी झीज म्हणजे दोनपैकी एकच पिन धरलीय. वाकडा पॅड डिस्कला कडेनं भिडतो आणि वाजतो.

क्रम : बोल्ट काढा, कॅलिपर वर फिरवा, होजवर (ब्रेक ऑइलची रबरी नळी) लोंबकळू देऊ नका, तारेनं बांधा. दोन्ही पिना बोटांनी आत-बाहेर सरकवून बघा. सहज सरकायला हव्यात. अडकलेली पिन काढा, जुनं काळं ग्रीस ब्रेक क्लीनरनं धुवा, भोक आतूनही पुसा. पिनला गंजाचे खड्डे असतील तर पिनच बदला. एका पिनेवर रबरी बाही असेल तर ती ज्या बाजूला होती तिथेच परत. सिलिकोनचं ब्रेक ग्रीस पातळ थरात. ठासून भरलं तर आत हवा कोंडते आणि पिन परत बाहेर येते. बेअरिंगचं साधं ग्रीस इथे चालत नाही, रबर फुगतं आणि पिन पुन्हा अडकते.

पॅडचे कान ज्या पत्त्यांवर सरकतात त्या काढा, खालचा गंज खरवडा, पत्त्या नवीन बसवा. पॅड हातानं सरकला पाहिजे, हातोडीनं नव्हे.

आणि पॅड दोन्ही बाजूंचे बदला. एकाच बाजूचे बदलले तर गाडी एकीकडे ओढते.

चाकचकाट
पॅडच्या मागे आणि कानांना कॉपर ग्रीसचा हलका हात मारला की चीं गायब. वर्षानुवर्षं चालत आलेला उपाय.

निळी_वायर
@चाकचकाट, असहमत. कॉपर ग्रीसमध्ये तांब्याची पूड असते. ॲल्युमिनियमच्या कॅलिपरवर ती गंजाला आमंत्रण देते, आणि एबीएस सेन्सरजवळ धातूची पूड नकोच, म्हणून कित्येक उत्पादक आता सिरॅमिक ग्रीस सांगतात. शिवाय शिम नीट असेल तर मागे काहीच लावावं लागत नाही.

चाकचकाट
लोखंडी कॅलिपर असेल आणि हात हलका असेल तर चालतं हो. पॅडच्या मागून सेन्सरपर्यंत पूड उडत जाते असं नाही. पण नवीन डबा आणायचाच असेल तर सिरॅमिक आणा, एवढं मान्य. अस्तराला आणि डिस्कला यातलं काहीही लागू देऊ नका, याबद्दल तरी वाद नसावा.

टपरीवरचा_तज्ज्ञ
ग्रीसवरून धागा शंभरी गाठणार. चहा ठेवलाय.

कावळा_उडाला
चहा होईपर्यंत एक इशारा. ब्रेकची धूळ हवेच्या पाइपनं उडवू नका. जुन्या गाड्यांच्या पॅड-लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं आणि ते डोळ्यांना ओळखू येत नाही. ब्रेक क्लीनरनं किंवा पाण्यानं ओलं करा, फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका.

गंजूनाना
पिस्टन मागे ढकलताना ब्लीडर निपल (कॅलिपरवरचा ऑइल सोडायचा स्क्रू) उघडा आणि ऑइल नळीनं बाटलीत घ्या. पिस्टनमागे साठलेला गाळ उलटा एबीएसच्या व्हॉल्व ब्लॉकमध्ये जाऊ देऊ नका, तो पार्ट महाग पडतो.

तेराचा_पाना
तत्त्व बरोबर, पण जुन्या गाडीत गंजलेला निपल तुटण्याची भीती मोठी. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारा, सहा कोनी सॉकेट वापरा (बारा कोनी नको), आणि निपल हलत नसेल तर हट्ट सोडा. मग वरच्या टाकीतलं ऑइल आधी थोडं उपसून, पिस्टन हळूहळू ढकला. पिस्टन ढकलताना कडक लागतो आणि निपल उघडल्यावर मऊ होतो, असं असेल तर होज आतून सुजून बंद झालीय. अशी होज दाब आत जाऊ देते, परत सोडत नाही. चाक तापतं, पॅड चकाकतो आणि पुन्हा तीच चीं.

अर्धाक्लच
चीर सापडली! उजव्या रिंगवर, दोन दातांच्या खाचेत. चिखल काढेपर्यंत दिसत नव्हती. सेन्सरच्या बुडाशी गंजाचा थरही आहे. वरची पिन अडकलेली, खालची मोकळी. होज ठीक आहे.

सेन्सर मात्र भोकातून निघत नाही. ओढू का?

गंजूनाना
वायर धरून अजिबात नाही. बोल्ट काढा, तेल मारून मुरू द्या. मग सेन्सरच्या कानाला पकडीनं धरून जागच्या जागी डावीकडे-उजवीकडे अगदी थोडं फिरवा. फिरू लागला की वर येतो. प्लॅस्टिकचं डोकं तुटलं तर उरलेला तुकडा रिंगच्या बाजूनं ठोकून बाहेर काढता येतो, पण तेव्हा शाफ्ट बाहेर असायला हवा. रिंगसाठी तो काढणारच आहात, तेव्हा सेन्सर हट्टी असेल तर आधी शाफ्ट काढा आणि मग सेन्सर.

भोक तारेच्या गोल ब्रशनं चकचकीत करा. ड्रिलनं मोठं करू नका, सेन्सर तिरका बसेल. बसण्याची सपाट जागा धातू दिसेपर्यंत साफ. सिलिकोन ग्रीसचा पातळ हात, सेन्सर बोटांनी पूर्ण आत, मग बोल्ट. तो छोटा असतो, ८ ते १० न्यूटन मीटर पुरे. बोल्टनं सेन्सर ओढून बसवायचा नाही.

मीटरबाज
रिंग घेताना दात मोजून घ्या. ४८ दात खूप गाड्यांत असतात, पण त्याच मॉडेलमध्ये वर्षानुसार वेगळी संख्याही सापडते. एक दात कमी-जास्त झाला तर मॉड्यूलला ते चाक कायम वेगळ्या वेगानं फिरताना दिसणार. आतला व्यास, उंची आणि दात, तिन्ही जुळवा.

जुनी रिंग छिन्नीनं चिरेपाशीच फोडा, सांध्याच्या रबरी बूटला इजा न करता. खालचा सगळा गंज खरवडा, नाहीतर नवीनही तडकेल. नवी लोखंडी रिंग साधारण १५० अंशांना तापवली की फुगते आणि हातमोज्यानं सरकवून बसते. सरळ बसली का ते गार होण्याआधीच बघा. वेल्डिंगनं चीर भरणं हा जुगाड टाळा. दात वितळतो आणि रिंग लंबगोल होते.

सायलेन्सर_बाई
ॲक्टिव्ह सेन्सरवाल्यांसाठी, कारण शोधत इथे तेही येणार. त्यांची रिंग बेअरिंगच्या सीलमध्ये चुंबकी पट्ट्यांच्या रूपात असते आणि ती बेअरिंगच्या एकाच बाजूला असते. बेअरिंग उलटं दाबलं तर गाडी मस्त चालते, आवाज नाही, पण त्या चाकाचा वेग कायम शून्य. बसवण्याआधी चुंबकी बाजू शोधायला चुंबकक्षेत्र दाखवणारं कार्ड मिळतं. कार्ड नसेल तर कागदाची क्लिप हलकेच टेकवून बघतात. लोहचुंबक मात्र जवळ आणायचा नाही, पट्ट्या पुसल्या जातात.

अर्धाक्लच
नवीन पॅड बसवल्यावर डिस्कचं काय करू? कडेला ओठ आलाय, बाकी गुळगुळीत.

तेराचा_पाना
डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटरनं पॅड घासतो त्या पट्ट्यात मोजा. व्हर्निअर कडेच्या ओठावर बसून जास्त दाखवतो. किमानपेक्षा कमी असेल तर दोन्ही बदला. जाडी पुरत असेल तर १२० नंबरच्या पेपरनं गोल गोल घासून चकाकी काढा आणि ब्रेक क्लीनरनं पुसा. हब आणि डिस्क जिथे एकमेकांना टेकतात तिथला गंजही काढा, तिथे राहिलेला एक कण बाहेरच्या कडेला डिस्क डुलवतो. चाकाचे नट फुलीच्या क्रमानं, टॉर्क पान्यानं.

मग पॅड रुळवा. मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १० पर्यंत मध्यम ब्रेक, आठ-दहा वेळा, मध्ये अर्धा मिनिट गार होऊ देत. गरम असताना ब्रेक दाबून उभं राहू नका, पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि नवी थरथर मागे लागते.

चाकचकाट
गाडी स्टँडवरून उतरवल्यावर चावी लावण्याआधी पेडल पंप करून घट्ट करा. पिस्टन मागे गेलेला असतो, पहिल्या दाबाला पेडल थेट तळाला जातं.

अर्धाक्लच
रिंग, पॅड, पिना, पत्त्या झाल्या. सेन्सर जुनाच परत लावला. आता उजवीकडे ०.४ व्होल्ट एसी, डाव्याइतकाच, आणि मध्ये पडत नाही. चीं नाही, थरथर नाही. पण कोड पुसला तरी गाडी सुरू केल्यावर दिवा पेटलेलाच राहतो. पुन्हा काही राहिलं का?

मीटरबाज
चालवून बघितलीत का? बऱ्याच गाड्यांत सेन्सरचा दोष नोंदलेला असेल तर चाकाचा वेग प्रत्यक्ष दिसेपर्यंत मॉड्यूल दिवा विझवत नाही. ताशी २०-३० नं सरळ जाऊन या. स्कॅनरचं पान उघडं ठेवून शेजारी कुणाला तरी बसवा, स्वतः बघू नका. चारही आकडे एकत्र चढायला आणि एकत्र उतरायला हवेत.

अर्धाक्लच
विझला. चारही आकडे बरोबर उतरतात, उजवा पुढचाही. सगळ्यांना दंडवत.

गंजूनाना
आता डावी रिंगही एकदा खडू घेऊन बघून ठेवा. तिचंही वय तेवढंच आहे.